बिऱ्हाड हलवायचं, पण कुठल्या हवेत?

हवापालट हा शब्द आपल्याकडे जुना आहे. आजारातून उठलेल्या माणसाला घरातली वडील मंडळी सांगत, "पंधरा दिवस पाचगणीला नाहीतर देवळालीला जाऊन ये." जायचं, दोन वेळा फिरायचं, भूक लागायची, आणि परत यायचं. पण हवेसाठी सबंध बिऱ्हाडच हलवायचं म्हटलं, तर काय काय पाहावं लागतं हे कुणी सांगत नाही. गेलं दीड वर्ष आमच्या घरात हाच एक विषय चालू आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा विचार निघाला, तर हे चार शब्द उपयोगी पडावेत म्हणून लिहिते.

आम्ही डोंबिवलीकर. मी एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. "आपल्याकडे ऋतू किती?" असं वर्गात विचारलं, की मुलं पाठ केलेलं उत्तर देतात, "सहा!" मग मागच्या बाकावरचा एखादा वात्रट हळूच म्हणतो, "बाई, दोनच. घाम आणि पाऊस." खरं सांगू? त्याला चूक म्हणायला माझं मन धजत नाही. हवामान खात्याने वर्षाचे चार भाग केले आहेत. जानेवारी-फेब्रुवारी थंडीचे, मार्च ते मे उन्हाळ्याचे, जून ते सप्टेंबर पावसाचे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस परतल्यानंतरचे. पण कागदावरचे चार निराळे आणि अंगाला कळणारे चार निराळे. समुद्र जवळ असला की तो दिवसाही फार तापू देत नाही आणि रात्री फार गारही होऊ देत नाही. म्हणून आपल्याकडे स्वेटर कपाटात पडून राहतात आणि लोणच्याच्या बरणीला मात्र बारा महिने जपावं लागतं.

आमच्याकडे हा विषय निघाला तो दोन कारणांनी. एक म्हणजे लेकीचा श्वास. पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल येते, बुरशीचा वास सुटतो, आणि जुलै लागला की तिची छाती वाजू लागते. दुसरं कारण म्हणजे ह्यांच्या कंपनीने विचारलेली बदली. जागा होती डेहराडून! ह्यांचं लहानपण तिथेच गेलेलं, कारण सासरे सैन्यात होते. त्यामुळे ह्यांच्या डोळ्यांसमोर एकदम लिचीची झाडं आणि शेकोट्या उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं सामान बांधणं.

बायांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हवा बदलली की दमा जातो, असं आमच्या डॉक्टरांनी मुळीच सांगितलं नाही. उलट, नव्या जागी नवे परागकण असतात, कोरडी थंडीही कुणाकुणाला बाधते, तेव्हा औषध चालूच ठेवायचं आणि पंप हाताशी ठेवायचा, असं बजावलं. ओल नसलेली खोली मिळाली तर फायदा होईल, एवढंच त्यांचं म्हणणं. एवढ्याशा आशेवर घर हलवायचं का, हा खरा प्रश्न होता.

मी म्हटलं, इतक्या लांब जाण्याआधी जवळचं तर पाहू. पुण्याची हवा आपली माणसं अजून वाखाणतात, पण तिथल्या रहदारीत लेकीला घेऊन जायला मला नको वाटलं. नाशिकची थंडी खरी, निफाडकडे तर पारा राज्यात सगळ्यांत खाली उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. महाबळेश्वरचा विचार एका वाक्यात संपला. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि घराला पावसाआधी गवताची कुलमं बांधायची! ओल चुकवायला निघालेल्या माणसाने तिथे कशाला जावं? तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला पाऊस पुष्कळच कमी, आणि घाट उतरून वाईला आलं की त्याहूनही कमी. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि पलीकडच्या गावाला उरलंसुरलं मिळतं, म्हणून असं होतं. एका घाटात इतके फरक पडतात, तेव्हा कुणी "अमुक जिल्ह्याची हवा छान" म्हणालं, तर जिल्हा नको, गाव विचारा.

बेळगाव मला मनापासून आवडलं होतं. साडेसातशे मीटर उंची, मराठी कानावर पडतं, भाजी ताजी, कुंदा तर काय विचारूच नका. पण तिथे ह्यांच्या नोकरीचं काही जमेना, आणि लेकीला आठवीनंतर कन्नड शिकायला लावणं जड गेलं असतं.

मग ह्यांनी हिमाचलचं काढलं. सोलन, पालमपूर, सिमला. चार ऋतू म्हणाल तर तिथले बघावेत, चौथा ऋतू पांढराशुभ्र. पण १९७२ च्या जमीन कायद्यातल्या ११८ व्या कलमामुळे तिथे बाहेरच्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात सिमल्यात पाण्यासाठी बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, हेही माझ्या लक्षात होतं. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. उंचावरच्या कित्येक शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. म्हणजे आपण आंबे खायला माहेरी जायचं त्या मे महिन्यात पोरांची शाळा चालू! सासूबाईंनी हे ऐकलं आणि हात जोडले.

राहिलं डेहराडून. आता ह्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आम्ही तिथे तीनदा जाऊन आलो. मे महिन्यात, ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत. हा माझाच हट्ट होता. गाव पाहायचं तर त्याच्या वाईट दिवसांत पाहावं. मुलगी बघायला गेल्यासारखं मार्च-ऑक्टोबरमध्ये जाऊन आलात, तर गाव नटूनथटूनच समोर येणार.

डेहराडून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या पुण्याहून फार उंच नव्हे. मग तिथे एवढी थंडी कशी, असं लेकीने विचारलं. उत्तर आहे अक्षांशात. पुणे साडेअठरावर, डेहराडून तीसच्या थोडं वर. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा आणि जूनमध्ये चौदा तासांचा. आपल्याकडे हाच फरक अकरा आणि सव्वातेरा. ऊन कमी तास मिळालं की जमीन निवते. शिवाय समुद्र दूर. त्यातून उत्तरेला मसुरीची रांग आणि दक्षिणेला शिवालिकच्या टेकड्या, अशी ती एक परातच आहे. परातीत थंडीही साचते आणि, खरं बोलायचं तर, हिवाळ्यात गाड्यांचा धूरही साचतो. २००० साली उत्तराखंडची राजधानी झाल्यापासून गाव फार वाढलं आहे. ह्यांनी आठवणीतले कालवे शोधले, तर बरेचसे रस्त्याखाली गेलेले!

मे महिन्यात गेलो तेव्हा दुपारी उकडत होतं. काही वर्षी तर मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पण घाम चिकटत नव्हता आणि रात्री चादर लागली. ऑगस्टात मात्र माझे डोळे उघडले. डेहराडूनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळपास. त्यातला निम्म्याहून जास्त जुलै-ऑगस्टात. भिंतींना ओल तिथेही येते. ह्यांचा चेहरा उतरला, कारण लेकीच्या दम्यासाठी जागा बदलायची तर मग हे काय? पण एक फरक होता. तिथला पाऊस सप्टेंबर सरता सरता जातो, आणि नंतर कोरडं, स्वच्छ ऊन पडतं. घर वाळायला वेळ मिळतो. नदी-नाल्याच्या काठची घरं मी तिथेच यादीतून काढून टाकली. सप्टेंबर २०२५ मध्ये सहस्रधारा भागात ढगफुटी होऊन केवढं नुकसान झालं, ते वाचलंच असेल. भूकंपाचा पट्टा आहे तोही लक्षात ठेवावा लागतो. उंच इमारतीतला स्वस्त फ्लॅट दाखवत होते, मी पाहिलासुद्धा नाही.

आणि जानेवारी! दिवसा अठरा-वीस, पहाटे पाच-सहा. पाऊसही आला, थंडीतला. आपल्याकडे त्याला अवकाळी म्हणून कपाळाला हात लावतात, तिथे तो गव्हाला हवाच असतो. पश्चिमेकडून भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यांचा तो पाऊस. तो पडून गेला की मसुरीच्या डोंगरावर कधी कधी बर्फ दिसतं. लेक गच्चीवरून खाली यायला तयार नव्हती.

आता स्वयंपाकघराचं ऐका, कारण पुरुषमंडळी हे विचारात घेत नाहीत. थंडीत दही लागत नाही. विरजण लावून भांडं शालीत गुंडाळायचं किंवा कणकेच्या डब्यात खुपसून ठेवायचं. इडलीचं पीठ दोन दिवस ढिम्म. खोबरेल तेल बाटलीत गोठतं, ती उन्हात ठेवायची. पितळेचा बंब नसला तरी गिझर पाहिजेच, आणि विजेचं बिल हिवाळ्यात वाढणार हे गृहीत धरा. नारळ महाग, कोकम मिळत नाही. पण गंमत अशी, की तिथल्या बाजारात 'गहत' म्हणून विकतात ते आपलं कुळीथच! 'मंडुआ' म्हणजे नाचणी, आणि 'झंगोरा' आपल्या वरीच्या तांदळाचा चुलतभाऊ. डोंगरातली माणसं कोकणातल्यासारखंच पिठलं-भाकरी खातात म्हणा ना, फक्त नावं वेगळी. मे-अखेरीपासून लिची येते. मग राजमा, आणि फेब्रुवारी-मार्चात आडूच्या झाडांवर गुलाबी फुलं.

पानगळीचीही एक मौज आहे. चित्रातला परदेशी शरद ऋतू डोक्यात ठेवून ऑक्टोबरात गेलात, तर निराश व्हाल. तिथली सालाची जंगलं पानं गाळतात ती शिशिर संपताना, फेब्रुवारी-मार्चात, आणि लगेच नवी पालवी. म्हणजे आपले जुने सहा ऋतूच तिथे नीट जुळतात. ते शब्द उत्तरेतच जन्मले असावेत असं मला तिथे वाटून गेलं.

आता आमच्या सासूबाई. त्या तिथे अकरा वर्षं राहिलेल्या, त्यामुळे त्यांच्यासमोर कौतुक चालत नाही. "थंडी बघायला छान असते रे," त्या ह्यांना म्हणाल्या, "पण तुझे लंगोट मी कोळशाच्या शेगडीवर वाळवलेत." आता त्यांचे गुडघे धरतात. शिवाय त्यांच्या डोंबिवलीच्या भजनी मंडळाचं काय? तिथे आता ओळखीचं कोण उरलंय? मला उत्तर देता आलं नाही. माझी स्वतःची नोकरीही जाणार होती. बी. ए. च्या पदवीवर मराठी शाळेत अर्धवेळ चालतं, तिथे हिंदी-इंग्रजीतून शिकवायला कोण घेणार? पगार फार नाही, पण तो माझा आहे. ह्यांच्या हिशेबाच्या कागदावर ती ओळच नव्हती. मी ती पेनने लिहिली, आणि त्या रात्री आमचं बरंच बोलणं झालं. तुम्हीही लिहा. आकडा लहान असला तरी लिहा.

शेवटी वेळ ठरवली ती शाळेने. लेकीच्या सीबीएसई बोर्डात नववीला नाव नोंदलं जातं, त्यानंतर दहावीत शाळा बदलणं फार जिकिरीचं. उत्तरेत वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणजे जायचं तर आठवी संपताच, नाहीतर अकरावीपर्यंत थांबायचं. आणखी दोन पावसाळे तिची छाती वाजताना ऐकायची माझी तयारी नव्हती. ह्यांनी लगेच जागा विकत घ्यायचं काढलं होतं, ते मी मोडून काढलं. अकरा महिन्यांच्या भाड्याने घर घ्यायचं, डोंबिवलीची जागा ठेवायची, आणि एक पावसाळा व एक हिवाळा काढून मग बोलायचं, असं ठरलं.

सासूबाईंनी दोन अटी घातल्या. घराला दक्षिणेकडे अंगण हवं, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो आणि त्या अंगणातच दिवस काढायचा असतो. (आपण इथे दक्षिणेचं ऊन टाळायला पडदे लावतो!) आणि डिसेंबर ते फेब्रुवारी त्या साताऱ्याला नणंदेकडे राहणार. नोव्हेंबर संपायच्या आत त्यांना निघावं लागेल, कारण पुढे मैदानातल्या धुक्याने गाड्या तासन् तास उशिरा धावतात. त्यांचं तिकीट काढायचं काम माझ्याकडे आहे.

घर मिळालं आहे, गावाच्या कडेला, तळमजल्यावरचं, दोन खोल्या आणि दक्षिणेला अंगण. भिंती मी ऑगस्टात हात लावून पाहिल्या होत्या. एका शिकवणी वर्गात आठवड्यातून तीन दिवस भूगोल शिकवायचं बोलणं चालू आहे, हिंदीतून. सध्या रोज दुपारी मी लेकीकडून हिंदीतले शब्द घोकून घेते. 'खारे वारे' ला 'समुद्री समीर' म्हणतात म्हणे. डेहराडूनला त्याचा उपयोग काय होणार, ते मात्र विचारू नका.