वाळू, समुद्र आणि चाकातली हवा

आमचा मुलगा कतारमध्ये, दोहा शहरात, एसी दुरुस्तीचे काम करतो. गेल्या जानेवारीत त्याने आम्हा दोघांना पुण्याहून बोलावून घेतले आणि एका शुक्रवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी, खोर अल अदैद पाहायला नेले. देशाच्या आग्नेय टोकाला, सौदी अरेबियाच्या सीमेवर, समुद्राचा एक फाटा वाळूच्या टेकड्यांमधून आत शिरला आहे. २००८ साली ही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंदली गेली. तिथवर रस्ता नाही. चारही चाकांना जोर असलेली गाडी आणि वाळूची माहिती असलेला चालक, दोन्ही लागतात.

सीलाइनला डांबर संपले. चालकाने गाडी थांबवली आणि चारही चाकांची हवा सोडू लागला. आमच्यापैकी एकाची नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात टायरच्या कामात गेलेली. ते लगेच त्याच्या शेजारी उकिडवे बसले. हवा ३५ वरून १५ पर्यंत आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर पडते आणि चाक रुतत नाही. पण अशा टायरवर झटकन वळण घेतले तर तो रिमवरून निसटतो. परतताना हवा न भरता डांबरावर पळवला तर तापून फुटतो. चालक बांगलादेशचा, हिंदी बोलणारा. पाच मिनिटांत दोघांचे असे जमले की आम्हाला सोडून हे तिथेच राहतात की काय, असे वाटले!

टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य, पलीकडची एकदम उतरती. माथ्यावरून पलीकडले काही दिसत नाही, म्हणून चालक तिथे थबकायचा. सपाट पांढरी जमीन दिसली की मात्र वळसा घालायचा. वर मिठाची खपली, खाली चिखल. गाडी रुतली की दुसऱ्या गाडीनेच ओढावी लागते. सुट्टीत कोकणच्या किनाऱ्यावर गाड्या घालून भरतीत अडकणारी आपल्याकडची मंडळी आठवली.

मग निळे पाणी दिसले. पलीकडे सौदीचा किनारा. वाळू थेट पाण्यात उतरलेली. ना झाड, ना टपरी.

थालीपीठ आणि ठेचा सोडला तर चालक गाडीआड जाऊन एकटाच डबा उघडत होता. आम्ही हाक मारली. आपल्या माणसांत कुणी असे बाजूला जेवत नाही. ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तरी दुसऱ्यांदा घेतला.

खाताना मुलगा कामाबद्दल बोलू लागला. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला मनाई आहे. "गच्चीवरचे मशीन मात्र नेमके दुपारीच बिघडते," तो हसत म्हणाला. आम्हाला हसू आले नाही.

"तुझ्या खोलीतली मुले इथे येतात का रे?"

खोलीत सहाजण. चार वर्षांत एकही आला नव्हता, तोसुद्धा नाही. गाडीचे भाडे फार. तेवढ्यात घरी महिन्याचा किराणा जातो. आमच्यासाठी त्याने पैसे साठवले होते.

निघताना त्याने पाण्याची रिकामी बाटली वाळूने भरून घेतली, वर दोन शिंपले टाकले. खोलीतल्यांना दाखवायला.