प्रांताबाहेरचा नफा

बार्शीच्या बाजारपेठेतील एका भुसार पेढीवर तीन पिढ्यांचा राबता आहे. आजोबांना घरात आणि बाजारात सारे अण्णा म्हणतात. पंच्याहत्तरी ओलांडली तरी सकाळची पूजा आटोपून ते गादीवर येऊन बसतात. चोपडीच्या जागी संगणक आला, तरी दिवसाची शिल्लक तोंडी जुळवल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. खरेदी-विक्रीचा सारा व्यवहार मुलगा पाहतो. नातू अकरावीला, वाणिज्य शाखेत गणित विषय घेऊन शिकतो.

सहामाही परीक्षेत नातवाला गणितात काठावरचे गुण मिळाले. एका प्रश्नाचे उत्तर त्याच्या मते अचूक होते, तरी शिक्षकांनी त्यावर लाल रेघ ओढली होती. प्रश्न असा होता : क्षच्या वर्गातून ४ वजा करा आणि त्याला क्ष उणे २ ने भागा, या फलनाचा प्रांत व विस्तार सांगा. मुलाने वरचे अवयव पाडले, समान अवयव छेदून टाकला आणि क्ष अधिक २ एवढी सुटसुटीत राशी काढली. मग प्रांत म्हणून सर्व वास्तव संख्या लिहून तो मोकळा झाला.

उत्तरपत्रिका पाहून वडील म्हणाले, “पुढच्या वर्षी गणित सोड आणि दुपारनंतर पेढीवर बसत जा. आपल्याला काही क्ष आणि य विकायचे नाहीत.” मुलगा काही बोलला नाही, उत्तरपत्रिका घेऊन तो अण्णांच्या खोलीत गेला.

अण्णांनी बीजगणित कधी शिकले नव्हते. त्यांनी नातवालाच समजावून सांगायला लावले. फलन म्हणजे एक नियम. एक संख्या आत घातली की एक आणि एकच संख्या बाहेर येते. ज्या संख्या आत घालता येतात त्यांचा समूह म्हणजे प्रांत, ज्याला वर्गात डोमेन म्हणतात. त्या नियमातून जी उत्तरे खरोखर बाहेर पडू शकतात त्यांचा समूह म्हणजे विस्तार, अर्थात रेंज. प्रांत शोधताना मुख्यतः दोन गोष्टी तपासायच्या : छेद शून्य होतो का, आणि वर्गमूळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या येते का. क्ष उणे ३ चे वर्गमूळ काढायचे, तर क्ष ३ किंवा त्याहून मोठा हवा. उत्तर मात्र शून्यापासून पुढे कितीही मोठे मिळू शकते.

“मग तुझे चुकले कुठे?” अण्णांनी विचारले.

सांगता सांगता मुलाला चूक उमगली. क्षची किंमत २ घेतली तर मूळ प्रश्नातला छेदच शून्य होतो. अवयव छेदून टाकला म्हणून ती अडचण नाहीशी होत नाही; फक्त दिसेनाशी होते. म्हणून प्रांतातून २ वगळायचा, आणि त्याच कारणाने विस्तारातून ४ वगळायचा. बाकी साऱ्या संख्या चालतात.

अण्णांनी कपाटातून एक जुना ग्रंथ काढला. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’, हिंदी अनुवादासह १९६३ साली सोलापुरातून प्रसिद्ध झालेला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास या जैन आचार्यांनी तो संस्कृतात रचला. ऋण संख्या ही कोणत्याही संख्येचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर वर्गमूळाच्या प्रांताची सीमाच त्यांनी आखून दिली. त्याच ग्रंथात संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते, असेही विधान आहे, आणि ते आजच्या गणिताला मान्य नाही. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा भागाकाराला अनंत राशी मानले. आजचे बीजगणित शून्याने भागणे प्रांताबाहेरचेच ठरवते.

“एवढे थोर आचार्य,” अण्णा म्हणाले, “वर्गमूळापाशी अचूक थांबले आणि शून्यापाशी त्यांचा पाय घसरला. तू तर अकरावीतला पोर. लाल रेघेचे वाईट वाटून घेऊ नकोस.”

पंधरा दिवसांनी वडिलांनी जेवणानंतर घरच्यांपुढे एक कागद ठेवला. पेढी वाढवायची होती. त्यासाठी राहते घर तारण ठेवून कर्ज काढायचे आणि दरमहा ६०,००० रुपये हप्ता भरायचा, असा बेत होता. घर अण्णांच्या नावावर असल्याने त्यांची सही लागणार होती. हिशेब सोपा होता. तूरडाळीच्या एका पोत्यामागे ६० रुपये सुटतात; भाडे, पगार, वीज असा महिन्याचा ठरलेला खर्च २४,००० रुपये. विक्री २,५०० पोत्यांवर नेली की दीड लाखातून २४,००० वजा जाता १,२६,००० रुपये नफा. हप्ता भरूनही ६६,००० शिल्लक.

गुणाकार बरोबर होता, वजाबाकीही बरोबर होती. अण्णांनी चष्मा पुसून पेन हातात घेतले.

“पप्पा,” नातू हळूच म्हणाला, “या सूत्राचा प्रांत किती?”

वडील चिडले. “इथे घराचा प्रश्न चालला आहे, तुझ्या परीक्षेचा नाही.”

“बोलू दे त्याला,” अण्णा म्हणाले.

मुलाने विचारले, की आजवर एका महिन्यात जास्तीत जास्त किती पोती विकली गेली. वडिलांना आकडा पाठ होता : ९००. आहे ते गोदाम, दोन हमाल आणि एक टेम्पो यांतून त्याहून अधिक माल हलतच नव्हता. म्हणजे पोत्यामागे ६० आणि खर्च २४,००० हे सूत्र शून्य ते ९०० पोत्यांपुरतेच खरे होते. त्याचा विस्तारही तेवढ्यातच बांधलेला : २४,००० तोट्यापासून ३०,००० नफ्यापर्यंत, तोही साठ-साठ रुपयांच्या पायऱ्यांनी, कारण अर्धे पोते कोणी विकत नाही.

“आता उलटा हिशेब कर,” अण्णा म्हणाले. विस्तार शोधायची वर्गातली रीतही हीच असते. उत्तर हाती धरायचे आणि ते कोणत्या क्षपासून आले असेल हे मागे जाऊन पाहायचे. हप्त्यापुरते ६०,००० सुटायला हवेत, तर त्यात २४,००० मिळवून ६० ने भागायचे. उत्तर आले १,४०० पोती. ही संख्या प्रांतात नव्हती. म्हणून ६०,००० हा नफा त्या सूत्राच्या विस्तारातही नव्हता.

९०० च्या पुढे सूत्रच बदलणार होते. दुसरे गोदाम, वाढीव माणसे, आणखी एक टेम्पो धरून खर्च ७०,००० वर जात होता. लांबच्या गावांना माल पोचवायचा आणि उधारीही वाढवायची, म्हणजे पोत्यामागे ५० रुपयेच उरणार. वडिलांनी स्वतःच पेन घेतले. २,५०० पोत्यांना १,२५,०००. त्यातून ७०,००० गेले की ५५,०००. हप्त्याला पाच हजार कमी. हप्ता निघायला २,६०० पोती हवीत, तीही दर महिन्याला, एकही महिना न चुकता.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील म्हणाले, “मी बाजार वीस वर्षे ओळखतो.”

“ओळखतोस ना,” अण्णा शांतपणे म्हणाले, “पण ९०० पोत्यांपर्यंतचा. त्यापुढचा तुला माहीत नाही, मलाही नाही. हिशेब चुकलेला नाही, बाळ. तो जिथे लागू नव्हता तिथे लावला गेला.”

सही झाली नाही. पेढीच्या शिलकीतून सहा महिन्यांसाठी एक शेड भाड्याने घेतले आणि दुसरा टेम्पो रोजावर लावला. त्या सहा महिन्यांत विक्री वाढत वाढत १,३०० पोत्यांपर्यंत पोचली. २,५०० चा आकडा कुठल्याच महिन्यात दिसला नाही. त्या वाटेने गेले असते, तर पहिल्याच महिन्यापासून हप्ता तुंबला असता.

आता वडील नवा बेत मांडताना कागदाच्या डोक्यावर ‘किती ते किती’ असे आधी लिहितात. नातवाने बारावीला गणित ठेवले, आणि त्याबद्दल घरात पुन्हा चर्चा झाली नाही. घराचे खरेदीखत अण्णांच्या कपाटात, ‘गणितसारसंग्रहा’शेजारी, पूर्वीच्याच जागी आहे.