मागचा

कामशेतजवळ जुन्या हायवेलगत एक गॅरेज आहे. त्याच्या अंगणात तो चार विटांवर आडवा पडला होता. दोन्ही हात पसरलेले, पोट वाटोळं, आखाड्यात चीत झाल्यावर तसाच मातीत पडून राहिलेला पैलवान जणू. पोट मधोमध नव्हतं, थोडं उजवीकडे सरकलेलं होतं.

"हा मागचा," गॅरेजचे वस्ताद म्हणाले. या गॅरेजात एक्सलची ओळख एवढीच, पुढचा नाहीतर मागचा.

तो निघाला होता महिंद्राच्या एफसी १५० खालून. विलीज कंपनीच्या या छोट्या ट्रकचं उत्पादन महिंद्राने १९६५ मध्ये सुरू केलं. गाडीला नाक नाही. ड्रायव्हर जवळपास पुढच्या चाकांवरच बसतो, शेजारी इंजिन, आणि मागे मोकळा हौदा. मालक मुंबईचे, हौशी. गाडीचा मूळ हिरवा रंग मिळवायला त्यांनी दोन महिने घालवले होते. मागच्याकडे मात्र त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. तसं त्याला सरकारही विचारत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. तिथे चासी, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार नको म्हणून बजावलं आहे. एक्सलचं नावही नाही.

त्याची कामं मात्र दोन, आणि दोन्ही कटकटीची. इंजिनाकडून येणारा दांडा गाडीच्या लांबीत फिरतो, चाकं फिरतात आडव्या आसावर. ती ताकद काटकोनात वळवायची, हे पहिलं; ते क्राउन आणि पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचं. दुसरं वाटणीचं. खंडाळ्याच्या वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त रस्ता तोडावा लागतो, आतल्याला कमी. हा ज्याचं त्याला देतो. पण वाटणी इतक्या भोळेपणाने करतो की फसतो. एक चाक भातखाचराच्या चिखलात गेलं की ते फुकट गरगरत राहतं आणि कोरड्यावरचं, खरं काम करू शकणारं, मख्ख उभं. अशी वाटणी मी घराघरांतही पाहिली आहे, पण ते असो.

त्याच्या दुखण्याचं मूळ पावसात होतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हाऊसिंगला श्वास घ्यायला एक बारीक ब्रीदर असतो, तो चिखलाने बुजलेला. चालून तापलेला एक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असला तर तो सीलमधून पाणी ओढून घेतो. वस्तादांनी मागचं झाकण उघडलं तेव्हा नव्वद नंबरचं ऑइल ताकासारखं पांढरट होऊन बाहेर आलं. क्राउनच्या तीन दातांचे टवके उडालेले, बेअरिंगने आतली बैठकच खाल्लेली. म्हणजे नुसती क्राउन-पिनियनची जोडी बदलून भागणार नव्हतं. आख्खा मागचा बदलायचा होता.

तिथे मालकांनी आपली इच्छा सांगितली. "वस्ताद, बदलतोच आहोत तर जरा पळणारा टाकू. एक्सप्रेसवेला लाज वाटते हो."

वस्तादांनी दात मोजून दाखवले. क्राउनचे ४३, पिनियनचे ८. पिनियन जवळजवळ साडेपाच वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा. ताशी साठ किलोमीटरला चाकाचे मिनिटाला सव्वाचारशेच्या आसपास फेरे होतात आणि इंजिनाचे सव्वादोन हजारांच्या वर. म्हणून ती पळत नाही, ओरडते. पण म्हणूनच भरल्या हौद्याने ती खोपोलीचा घाट चढायची.

"आणि साहेब, ही फोर बाय फोर आहे. मागच्याचं गणित बदललं तर पुढच्याचंही बदलावं लागेल. दोघं वेगळ्या चालीने निघाले तर मधली ट्रान्सफर केस पिळून निघेल."

मालक गप्प झाले. मला वस्तादांचंच पटलं. पळायचं असेल तर पळणाऱ्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत.

मोडीत निघालेल्या दुसऱ्या एफसीखालचा त्याचा भाऊबंद मिळाला. ४३ आणि ८ दातांचा, पोट तसंच उजवीकडे सरकलेलं. ट्रान्सफर केसमधून दांडा उजवीकडूनच निघतो, तेव्हा त्याला पर्याय नव्हता. चाकाचे हब निमुळत्या शाफ्टवर घट्ट रुतून बसलेले. पोऱ्याने हातोडा उचलला तेवढ्यात वस्ताद ओरडले, "पुलर आण, पुलर!"

मग शेंदूर आला. मला वाटलं, शनिवार आहे, मारुतीसाठी असेल. वस्तादांनी तो तेलात कालवून क्राउनच्या दातांना फासला आणि पिनियन हाताने फिरवला. घासलं तिथून शेंदूर पुसला जातो आणि दातावर ठसा उरतो. पिनियन जास्त आत असेल तर ठसा दाताच्या मुळाशी उतरतो, बाहेर असेल तर शेंड्याकडे चढतो. कागदासारख्या पातळ शिमा काढायच्या, घालायच्या, पुन्हा शेंदूर. तीनदा खोललं, तीनदा बसवलं. चौथ्यांदा ठसा दाताच्या मधोमध उमटला. दातांमधली चाल सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश. वस्तादांनी हात पुसले आणि त्या दिवसातला पहिला चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोपोलीपर्यंत उतरून पुन्हा चढलो. ॲक्सिलरेटर दाबून पाहिला, सोडून पाहिला. पूर्वी दाबला की मागून घों घों यायचं. आता फक्त इंजिनाचा ओरडा होता, तो राहणारच.

परत आलो तेव्हा पवन मावळातला एक शेतकरी जुन्या मागच्याजवळ उकिडवा बसला होता. वितीने त्याची लांबी मोजत होता.

"वस्ताद, ह्यो इकायचा हाय का?"

"त्याचे दात गेलेत, बाबा."

"दात काय करायचेत? बैलगाडीला टायरची चाकं लावायचीत. आस पायजे नुसता."

वस्तादांनी भाव सांगितला. त्याने वीत पुन्हा टेकवली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.