परळची खोली आणि अर्भकांचा हिशेब

१/७
जुलै १९२६. परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या रमाबाई आणि डॉ. भीमराव आंबेडकर यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. पाच अपत्यांपैकी त्यांनी गमावलेले हे चौथे. उरला एकटा यशवंत.

२/७
हे दुःख एकाच घरापुरते नव्हते. १९२१ च्या मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदलेल्या दर १,००० जन्मांमागे ८२८ अर्भकमृत्यूंची नोंद झाली. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत हाच आकडा १३३ होता.

३/७
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. गिरणगावातील अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. जन्माची नोंद गावी होई; पुढे मूल मुंबईत दगावले, तर मृत्यू मात्र शहराच्या दप्तरात लागे. त्यामुळे प्रमाण फुगत असे. परंतु हा दोष वजा केला, तरी एका खोलीतील आणि चार खोल्यांतील दरी बुजत नाही.

४/७
त्या एका खोलीतच चूल, धूर, आजारी माणूस आणि बाळंतीण. भाडे परवडावे म्हणून गावाकडची आणखी माणसेही तेथेच. वारा आणि उजेड यांना वाव नसे.

५/७
आई गिरणीत गेली की तान्ह्याला सांभाळणार कोण? मग अफूची गोळी दिली जाई. स्त्री कामगारांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना जवळजवळ सर्वच अर्भकांना अफू दिली जात असल्याचे आढळले. गुंगीतले मूल रडत नसे. भूक लागली तरी दूध मागत नसे. त्या आईला निर्दय ठरवणे सोपे आहे. पण खाडा झाला तर मजुरी बुडे.

६/७
जुलै १९२८. राजरत्नाच्या मृत्यूला दोन वर्षे झाली होती. प्रसूतिलाभ विधेयकावर मुंबई विधिपरिषदेत बोलताना आंबेडकरांनी मांडले की, बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून तिचा बराचसा भार सरकारने उचलावा.

७/७
१९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. भार मात्र मालकांवर पडला, आणि लाभ कारखान्यांतील स्त्रियांपुरताच राहिला. रमाबाईंसारख्या, घरातच राबणाऱ्या असंख्य आया त्याच्या बाहेरच होत्या.