फिरत्या घरातील ऊब

थंडी म्हटली की आम्हां निपाणी-बेळगावकडील माणसांना पौषातील पहाट आठवते. तंबाखूच्या वखारींजवळ पेटलेल्या शेकोट्या, चहाच्या गाड्याभोवतीची गर्दी आणि खांद्यावरचे घोंगडे, एवढ्यात आमचा हिवाळा आटोपतो. पारा दहा-बारा अंशांवर उतरला तरी हाडे गोठल्याची भाषा आपण करतो. जिथे पाणीच गोठते अशा मुलखात घरासकट जाऊन राहावे, ही कल्पना आमच्या कुटुंबात गेल्या वर्षापर्यंत कोणालाही शिवली नव्हती. ती आणली आमच्या दादांनी.

दादा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या केंद्रात त्यांचे शिक्षण झाले आणि नोकरीतील काही हिवाळे हिमालयात गेले. त्या काळात वहिनी गावी दोन मुले आणि सासू-सासरे सांभाळून होत्या. बर्फाने वाट बंद झाली की आठवडेच्या आठवडे पत्र येत नसे. आता दादांनी सत्तरी ओलांडली आहे. "जिथून तुला पत्रे लिहिली तो मुलूख एकदा हिवाळ्यातच दाखवीन," असे ते म्हणाले, आणि वहिनींनी आयुष्यात प्रथमच "पुढच्या वर्षी पाहू" असे उत्तर दिले नाही.

हा बेत शक्य कोटीत आला तो एका बोगद्यामुळे. मनालीहून लाहौलच्या खोऱ्यात उतरण्यासाठी पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि हिवाळ्यात ती बर्फाखाली गडप होई. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि भर हिवाळ्यातही केलाँगपर्यंतची वाट आटोक्यात आली. तरीही एखाद्या रात्री बर्फ कोसळले आणि रस्ता अडला, तर गाडी हेच घर ठरणार. म्हणून घर म्हणता येईल अशीच गाडी हवी, असा दादांचा आग्रह.

माझा पुतण्या, म्हणजे दादांचा मुलगा, निपाणीत गाड्यांच्या बॉडीचे काम करतो. त्याने चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी बोलेरो शोधून काढली. तिचे छप्पर कापून उंच करावे असे त्याच्या मनात होते. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करू देत नाही. तेव्हा पत्र्याला हात न लावता, जे करायचे ते काढता-घालता येईल असेच करावयाचे ठरले. मागची आसने दुमडून त्यांवर लाकडी फळ्यांचा पाट बसविला. त्याखाली शिधा, दोर, फावडे आणि चाकांना बांधावयाच्या साखळ्या. चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी बर्फात पुढे जाते, परंतु थांबण्याच्या कामी तो जोर उपयोगी पडत नाही, हे दादांनी मुलाला चार वेळा बजावले.

इंजिनाचीही निगा निराळी. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नुसते पाणी ओतले तरी चालून जाते. तिकडे ते गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते आणि लोखंडालाही तडा देते. म्हणून निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल भरले. डिझेलमधील मेण थंडीत साकळून गाळणीत अडकते. याच कारणाने इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. तेव्हा इकडच्या डिझेलवर तिकडे विसंबायचे नाही, हेही ठरले.

खरा वाद झाला तो उबेवरून. पुतण्याला आत लहानशी सिगडी हवी होती. एरवी शांत असणारे दादा त्या दिवशी मात्र कडाडले. बंद जागेत विस्तव धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो आणि निजलेला माणूस निजलेलाच राहतो. "आम्ही झोपण्यापूर्वी बुखारी विझवीत असू. जो नियम जवानांना, तोच तुझ्या आईला," एवढेच ते बोलले. सिगडी परत गेली.

मग पौषातील एका रात्री आंबोलीला जाऊन परीक्षा घेतली. दादा-वहिनी मागे, आम्ही दोघे पुढच्या आसनांवर आणि सर्व काचा गच्च बंद. थंडी वाजली नाही, पण पहाटे छताच्या पत्र्यावरून थेंब ठिबकू लागले आणि पांघरुणे ओलसर झाली. माणूस रात्रभरात श्वासावाटे व त्वचेवाटे पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. चौघांचे मिळून लिटरभर झाले, आणि थंड पत्र्याला लागताच त्याचे दव बनले. उणे दहा अंशांत हीच ओल बर्फ होईल.

तोडगा सुचला वहिनींना. त्यांच्या माहेरची माणसे माघी पौर्णिमेला बैलगाडीने सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेस जात. "भाऊजी, खाली कडबा, वर घोंगडे आणि बाजूंना तट्ट्या. सहा-सात माणसे निजत असू, पण अंथरूण कधी ओले झाले नाही. गाडीची मागची बाजू आम्ही पुरती बांधलीच नाही कधी."

त्यांच्या या बोलण्यात सारे शास्त्र होते. ऊब विस्तवात नसते, अंगाभोवती कोंडलेल्या कोरड्या हवेत असते. ती हवा कोरडी राहावी म्हणून ओलीला बाहेर जाण्यास वाट ठेवावी लागते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा शोषूनही ओली भासत नाही, हे धनगराचे घोंगडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहे. आम्ही धनगराकडून घोंगडी आणली, काचांच्या मापाने पडदे शिवले, छताला अस्तर लावले, अंथरुणाखाली फोमचा तक्ता घातला आणि समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवल्या. दुसऱ्या परीक्षेच्या रात्री पत्रा कोरडा राहिला.

येत्या माघात ते तिघे निघतील. शाळा चालू असल्याने मला जाता येणार नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मनालीत दोन दिवस मुक्काम करावयाचा आहे, आणि वर धाप लागली वा डोके दुखू लागले तर केलाँग राहिले तरी मागे फिरायचे, असे वचन दादांनी वहिनींना दिले आहे. फट कोणत्या काचांना ठेवावी याची चर्चा चालली असता वहिनी म्हणाल्या, "एक माझ्या उशाची ठेवा. तिच्याबाहेरचेच तर पाहायला निघाले आहे."