कंडिशनमधला 'किंवा'

पाय मुरगळला की आपल्याकडे एकच टेस्ट. "चालता येतंय ना? मग हाड शाबूत आहे. हळद लाव!"

आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, ही कंडिशन अर्धीच लिहिली आहे. पूर्ण कंडिशन १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉ. इयान स्टील आणि मंडळींनी मांडली, तीही विनाकारण काढले जाणारे एक्स-रे टाळायला. घोट्यापाशी दुखतंय आणि बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या टोकावर, किंवा मागच्या कडेला खालच्या ६ सेंटीमीटरात, दाबल्यावर दुखतंय. किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नाहीत. तर एक्स-रे काढा. मधे 'किंवा' आहे, राव!

गेल्या महिन्यात आई जिन्यावर घसरली. लंगडत चालत होती, पोळ्यासुद्धा केल्या. पण बाहेरच्या हाडाच्या टोकावर बोट टेकवताच कळवळली. एक्स-रेत बारीक चीर निघाली. हाड जागेवर होतं, म्हणून सहा आठवड्यांच्या प्लास्टरवर भागलं. सरकलं असतं तर बहुधा ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले असते.

तेव्हा मंडळी, नुसतं चालवून बघू नका. सुजेवर नाही, हाडावर दाबून बघा. आणि मालिशवाल्याला तोवर थांबवा!