हॅमरसाहेब

सातारा-सांगलीकडं एखाद्या सिनेमावेड्याच्या घरी गेलात, तर त्याच्या कपाटाची वरची फळी आधी पाहा. खालच्या फळ्यांवर प्रभात असेल, दादा कोंडके असतील, राज कपूर आडवेतिडवे पडलेले असतील. वरच्या फळीवर मात्र काळ्या-लाल पाठीचे डबे ताठ उभे. एकावर वाडा, दुसऱ्यावर वटवाघूळ, तिसऱ्यावर दोन सुळे. ते हॅमरसाहेब. इंग्लंडचे जुने भूतपट. सरदार घराण्यातल्या पात्रांत आयुष्य गेल्यानं खालच्या फळीवर त्यांना करमत नाही.

सरदारकी पडद्यापुरतीच, हे आधी सांगून ठेवतो. विल्यम हाइंड्स नावाचे एक धंदेवाईक गृहस्थ हौसेनं रंगभूमीवर विनोदी कामं करायचे. लंडनच्या हॅमरस्मिथ भागावरून त्यांनी 'विल हॅमर' हे नाव घेतलं आणि १९३४ साली काढलेल्या कंपनीलाही तेच दिलं. पहिली वीसेक वर्षं साहेबांनी मिळेल ते काम केलं. रेडिओवरच्या मालिका उचलल्या, पोलिसी रहस्यपट काढले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे १९५७ साली, 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आला आणि आपला जन्म कशासाठी झालाय ते त्यांना कळलं. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी रांगा लावल्या. पुढं १९६८ साली परदेशी चलन मिळवून दिल्याबद्दल राणीच्या नावाचा उद्योग-पुरस्कार मिळाला. भुतं विकून देशाची तिजोरी भरली म्हणून सरकारनं पाठ थोपटलेले दुसरे साहेब माझ्या तरी पाहण्यात नाहीत.

स्वभाव कमालीचा काटकसरी. टेम्सच्या काठी ब्रे इथं एक जुनं घर घेतलं आणि त्याचाच स्टुडिओ केला. १९५८चा 'ड्रॅक्युला' ऐंशी हजार पौंडांच्या आसपास उरकला. बर्नार्ड रॉबिन्सन नावाचा कलादिग्दर्शक असा हिकमती, की आजचं दिवाणखान्यातलं खांबाचं जोडकाम उद्या तळघरात दिसेल आणि परवा रशियाच्या झारच्या महालात. ही अतिशयोक्ती नव्हे. १९६५ साली साहेबांनी चार सिनेमे लागोपाठ काढले. ड्रॅक्युलाचा वाडा रास्पुतिनच्या सिनेमाला चालवला, आणि 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज'साठी उभं केलेलं कॉर्निश गाव 'द रेप्टाइल'ला. घोडागाडी धावायची ती जवळच्या ब्लॅक पार्कच्या झाडीत, सिनेमा कुठल्याही देशातला असो. मुरलेला संग्राहक ते झाड ओळखतो आणि पाहुण्याला कोपरखळी मारतो, "हे बघा, परत आलं!" साहेबांवरचं प्रेम या ओळखीतूनच वाढतं.

साहेबांची ही घडण सांगलीच्या माणसाला लगेच कळते, कारण ती नाटक कंपनीची घडण आहे. ठरलेली नटमंडळी, तेच पडदे, तोच कपडेपट आणि दर सालाला नवा खेळ. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगवलं, आणि त्या वळणाच्या खेळांतले राक्षस राळेचा भपकारा आणि आरोळ्या घेऊन असे काही येत, की लोकांनी त्या नाटकांना 'अललडुर्र' असं नावच पाडलं. भीती कशी आणावी याचा तो आपला धडा. हॅमरसाहेबांनी नेमकं उलट केलं. १९५८चा ड्रॅक्युला पहिल्यांदा दिसतो तो जिन्याच्या वरच्या टोकाला, काळी आकृती होऊन. संगीत टिपेला जातं. आता हा झेप घेणार असं वाटतं, तर तो झरझर जिना उतरतो, पाहुण्याला अदबीनं स्वतःचं नाव सांगतो आणि त्याची बॅग उचलून खोली दाखवायला निघतो. पाहुणचारात कसूर नाही. थोड्या वेळानं त्याच माणसाचे डोळे लालभडक आणि तोंड रक्तानं माखलेलं दिसतं, तेव्हा आधीची अदबच अंगावर काटा आणते.

नाटक कंपनी म्हटल्यावर विदूषक हवाच. तोही आहे. 'ड्रॅक्युला'त माइल्स मॅलेसन या बुजुर्ग नटानं प्रेतं पुरणाऱ्या दुकानदाराची मिश्कील भूमिका केलीय. आणि खानावळवाला म्हणून मायकेल रिपर इतक्या सिनेमांत भेटतो, की तो दिसला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

कंपनीचे मुख्य नट दोन. पीटर कुशिंग २६ मेचा, ख्रिस्टोफर ली २७ मेचा, वयात नऊ वर्षांचं अंतर. पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेले, बाहेर जिवलग. ली सहा फूट पाच इंच उंच. 'ड्रॅक्युला'त सुरुवातीला पाहुण्याशी बोलतो तेवढंच. पुढं ८२ मिनिटांच्या सिनेमाभर तोंडातून शब्द नाही. १९६६च्या 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये तर एकही वाक्य नाही, नुसते फुत्कार. ली म्हणायचा, संवाद इतके टुकार होते की मीच नाकारले. लेखक जिमी सँगस्टर म्हणायचा, मी संवाद लिहिलेच नव्हते. दोघंही शेवटपर्यंत आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

कुशिंगचं वेगळं. त्याच्या हातात सतत काहीतरी असतं. चष्मा, पेन, डॉक्टरी हत्यार, हातमोजा. सोबतचे लोक त्याला 'प्रॉप्स पीटर' म्हणत. 'ड्रॅक्युला'चा शेवट एकदा थांबवून-थांबवून पाहा. तो लांबलचक टेबलावरून पळत जातो, खिडकीच्या पडद्याला लटकून तो खाली ओढतो, उन्हाचा झोत आत येतो. मग दोन मेणबत्तीदाण्या झटक्यात उचलून आडव्या-उभ्या धरतो आणि त्यांचा क्रूस होतो. ही कल्पना कुशिंगची स्वतःची. आणि पाहा, झटापटीनं त्याला धाप लागलेली आहे. भुताशी लढणारा माणूस दमतो, हे इथं दिसतं. नारायण धारपांचे 'समर्थ' वाचत वाढलेल्या आपल्या पिढीला कुशिंगनं उभा केलेला हा व्हॅन हेल्सिंग परका वाटत नाही तो याचमुळं. त्याच्याजवळ अभ्यास आहे, निष्ठा आहे, आणि दुसऱ्याच्या घरातलं संकट तो स्वतःचं मानतो.

साहेबांना रंगाचा भारी सोस. त्यांच्या आधीची गाजलेली भुतं काळ्या-पांढऱ्यात वावरली. यांनी रक्त लाल दाखवलं, आणि लाल म्हणजे अगदी कुंकवासारखं झगझगीत. छायालेखक जॅक अॅशर तळघराच्या कोपऱ्यात जांभळा नाहीतर हिरवा प्रकाश सोडायचा. तो प्रकाश कुठून आला हे कुणी विचारायचं नाही. जेम्स बर्नार्डनं संगीतात तर 'ड्रॅ-क्यु-ला' ही तीन अक्षरंच सुरांत बसवली. एकदा कानात बसली की ऑर्केस्ट्रा नाव घेऊन हाका मारतो. इंग्लंडात त्या काळी सोळा वर्षांखालच्यांना हा सिनेमा बंद होता. आज शाळकरी पोरं तो फराळ करता करता बघतात. भीती ओसरली, देखणेपण मागं उरलं, आणि घरात जपून ठेवावा असा गुण हाच.

साहेबांना प्रवासाची हौस फक्त नावापुरती. १९५९चा 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' घ्या. ठगांची गोष्ट, नावात मुंबई, आणि चित्रण सगळं ब्रेच्या आसपास. त्यात 'पटेल शारी' नावाचा एक इसम आहे. पटेल हे पहिलं नाव असतं असं वाटणारा माणूस साहेबांच्या कचेरीत कुणीतरी होता! ती भूमिका करणारा मार्न मेटलँड मात्र खरोखरच कलकत्त्यात जन्मलेला. साहेबांच्या डोक्यातला हिंदुस्थान काली, काळोख आणि कट यांच्यापलीकडं जात नाही, आणि ती त्यांची खोटच आहे. प्रेमापोटी झाकू नये.

ते इकडं आले नाहीत, पण त्यांचं हिंदुस्थानी गणगोत सातारा जिल्ह्यातच कामाला लागलं. फत्तेचंद रामसे मूळचे कराचीचे, रेडिओच्या दुकानाचे मालक. फाळणीनंतर मुंबईत आले. त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' १९७० साली आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात तेवढ्या प्रसंगासाठी लोक परत थिएटरात येताहेत, हे मुलांच्या ध्यानात आलं. सात भाऊ कामाला लागले. बस भरून घरची मंडळी, नट आणि सामान महाबळेश्वरला आलं, सरकारी विश्रामगृहात मुक्काम पडला आणि १९७२चा 'दो गज जमीन के नीचे' तिथं तयार झाला. कुणी कॅमेऱ्यावर, कुणी आवाजावर, कुणी दिग्दर्शनावर. ब्रेचं घर आणि महाबळेश्वरचं विश्रामगृह, दोन्हीकडं रीत एकच. पैसे कमी, माणसं घरची, वाडा आयता. आणि साहेबांना धुकं यंत्रातून सोडावं लागे. महाबळेश्वरच्या मालकम पेठेत ते दारात येऊन उभं राहतं. पुढं 'बंद दरवाजा'त १९९० साली रामसेंनी ड्रॅक्युलालाच हिंदी कपडे चढवले. हे भूतपट आता परदेशी कंपन्या डिस्कवर काढतात आणि तिकडचे संग्राहक ते हॅमरच्या शेजारी लावतात. आमच्याकडच्या कपाटांत ते शेजार आधीपासून आहे.

घरात आल्यावर साहेबांचे नखरे कळतात. व्हीएचएसच्या काळात ते त्यातल्या त्यात नमते होते. इंग्लंड आणि भारत दोघांचीही टीव्हीची पद्धत 'पाल', त्यामुळं लंडनच्या नातेवाइकानं आणलेली कॅसेट इथं विनातक्रार चालायची. डीव्हीडी आली आणि तोरा वाढला. इंग्लंडचा विभाग दोन, भारताचा पाच. डिस्क आत गेली की पडद्यावर नकाराची पाटी. मग सगळ्या विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर शोधा. ब्लू-रेत पुन्हा तेच, त्यांचा बी आणि आपला सी.

दमट हवा त्यांना सोसत नाही. जावळी-महाबळेश्वरच्या बाजूला कॅसेट पावसाळाभर बंद कपाटात राहिली, की खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड धरते. ती बुरशी. बाजूचं बारीक बटण दाबून वरची झडप उचलायची, फीत हातानं हळूहळू फिरवत मऊ कापडातून काढायची, घाई केली तर फीत चुरगळते. तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब, आणि पुढच्या निरोगी कॅसेटीलाही लागण. रक्तपिपासूच्या दंशाचं सगळं शास्त्र त्या एका कॅसेटीत कळतं.

पाण्याशी तर वैरच. 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये ड्रॅक्युला मरतो तो गोठलेल्या खंदकाचा बर्फ फुटून वाहत्या पाण्यात गेल्यामुळं. २०१९च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. नदीकाठच्या घरांत लोकांनी आधी माणसं, मग धान्य, मग कागदपत्रं वर चढवली. ज्यांच्या घरी साहेब होते त्यांना चौथी फेरी करायला वेळ मिळालाच असं नाही. गाळात गेलेली कॅसेट परत येत नाही. डिस्क धुऊन चालते कधीकधी, पण तिचं मुखपृष्ठ गेलेलं असतं, आणि मुखपृष्ठाशिवाय साहेब उघडेबोडके दिसतात.

एकच सिनेमा माणसं तीनतीनदा का विकत घेतात, हे नवख्याला कळत नाही. साहेबांचे पोशाख वेगवेगळे असतात म्हणून. इंग्लंडच्या सेन्सॉरनं 'ड्रॅक्युला'त कात्री चालवली होती. जपानला गेलेली प्रत जास्त भयंकर आहे अशी वदंता कित्येक वर्षं होती. २०११ साली टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म केंद्रात ती प्रत सापडली. आगीतून शेवटची काही रिळंच वाचलेली, तीही जखमी. पण नेमकं हवं ते त्यांतच होतं : उन्हात जळताना ड्रॅक्युला स्वतःच्या चेहऱ्याची कातडी बोटांनी ओरबाडतो ते दृश्य. पंचावन्न वर्षांनी, २०१३च्या ब्लू-रेत, ते जागच्या जागी बसलं. थोडी सेकंदं आहेत, पण त्यासाठी दाम मोजणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. कुणाच्या तरी हातांनी मेहनतीनं रचलेलं काम अर्धवट राहिलं होतं, ते पुरं झालं.

मात्र त्या ब्लू-रेत चित्राला निळसर झाक आलीय, आणि तिथून भांडण पेटतं. एका गटाचं म्हणणं, रात्र अशीच दिसायला हवी. दुसरा गट जुन्या डीव्हीडीच्या ऊबदार तांबूस रंगावर अडून बसलाय आणि निळ्या साहेबांना घरात घ्यायला तयार नाही. मी तांबूस गटात आहे. अॅशरनं लावलेला मेणबत्तीचा उजेड मला मेणबत्तीचाच हवा. पण कातडी ओरबाडण्याचं दृश्य निळ्यातच आहे, त्यामुळं फळीवर दोन्ही ठेवावे लागतात. तुम्ही पहिल्यांदाच भेटणार असाल तर निळ्यापासून सुरुवात करा, मग तांबूस पाहा आणि कुठल्या गटात आलात ते कळवा. प्लेअरचा विभाग तेवढा आधी तपासा.